चित्रातलं रक्त

ब्रीदाला रक्त हवं होतं. केचप नको, बीटाचा रस नको; सुरी लागताच चित्रातून आपसूक ओघळेल असं रक्त.

"तू केमिस्ट आहेस," आमच्या स्वयंपाकघरात चहाचा मग दोन्ही हातांत धरून ती म्हणाली. "तुला नाही जमणार तर कुणाला?"

ब्रीदा निवृत्त शिक्षिका आहे आणि आमच्या गावाच्या वारसा समितीची अध्यक्ष. गाव लहान, आयर्लंडमध्ये, मेनूथहून बसने थोडं पुढे. एक चर्च, दोन पब, एक पडका मठ. त्या मठाच्या हिरवळीवर दर ऑगस्टमध्ये एक दिवस मध्ययुग भरतं. माणसं गोणपाटाचे झगे घालून हिंडतात, मुलं धनुष्यबाण चालवतात आणि शेवटी एक छोटं नाटक होतं. यंदाचं नाटक ब्रीदाने स्वतः लिहिलं होतं, सातआठशे वर्षांपूर्वीच्या एका चमत्कारकथेवरून.

गोष्ट तिने थोडक्यात सांगितली. एक भाविक माणूस घर बदलतो आणि ख्रिस्ताची तसबीर जुन्या घराच्या भिंतीवर विसरून जातो. तिथे नवा भाडेकरू येतो. तसबीर पाहून तो चिडतो, तिच्यात सुरी खुपसतो. तसबिरीतून रक्त येतं. गाव गोळा होतं. भाडेकरू थरथरत गुडघे टेकतो, पाप कबूल करतो, घंटा वाजतात.

हे सांगताना तिची नजर आमच्याच भिंतीवर होती. आम्ही हे घर भाड्याने घेतलं तेव्हा आधीच्या म्हाताऱ्या मालकिणीने लावलेली तसबीर तिथेच होती: छातीवर उघडं हृदय असलेला येशू, खाली छोटा लाल दिवा. माझा नवरा जयदीप ती काढून प्रेसमध्ये ठेवणार होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. पण त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, हात लावू दिला नाही. "देव आहे तो. आधीपासून राहतोय. आपण नंतर आलो," ते म्हणाले. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की ते एक फूल गणपतीला वाहतात आणि एक त्याला. त्या दिवशी येशूच्या वाट्याला कुंपणावरचं फ्युशिया आलं होतं.

"किती गोड," ब्रीदा म्हणाली. तेवढ्यात अप्पा मागच्या दाराने आत आले, हातात कोथिंबिरीची कुंडी. ब्रीदा त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"विद्या, तुम्ही कधी नाटकात काम केलंय?"

अप्पांचं नाव विद्याधर. गावात त्यांचं विद्या झालंय. आणि हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"तीस वर्षं, मॅडम. स्टेट लेव्हल."

"भाडेकरूचं काम कराल?"

अप्पांनी कुंडी खाली ठेवली. "पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?"

"खलनायक. शेवटी सुधारतो."

"करतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "सुधारणारा खलनायक म्हणजे एका पैशात दोन भूमिका. बाईंना कळतं नाटकातलं."

अप्पा अलिबागला बँकेत होते. नोकरी पोटासाठी, बाकी सगळं राज्य नाट्यस्पर्धेसाठी. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे आले. गेल्या वर्षी डब्लिनमध्ये भारतीयांना रस्त्यात गाठून मारहाण व्हायला लागली, तेव्हा जयदीपने त्यांना एकट्याने फिरायला जायचं बंद करायला लावलं. "थोडे दिवस," तो म्हणाला होता. थोडे दिवस संपलेच नाहीत. पुढच्या खिडकीत बसून ते शाळेतून येणारी मुलं बघायचे, पण हात हलवायचे नाहीत, कारण तेही जयदीपने सांगितलं होतं: परका म्हातारा, शाळेची मुलं, कोण काय म्हणेल. नाटकामुळे ते पुन्हा रस्त्यावर आले. तालमीला जाताना लोक त्यांना नावाने हाक मारायला लागले. ते मान वर करून चालायला लागले.

म्हणून मी रक्ताला हो म्हटलं. मेनूथला विद्यापीठात मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. पाण्यासारखं दिसणारं एक द्रावण चित्रावर लावायचं, दुसरं, फिकट पिवळसर, सुरीच्या पात्यावर. दोन्ही भेटली की गर्द लाल. शाळेतला प्रयोग आहे.

संहिता आठवड्याभराने आली. अप्पा पेन्सिल घेऊन बसले आणि जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी ज्यू आहे."

"म्हणजे?" जयदीपने विचारलं.

"भाडेकरू. पात्राला नाव नाही. नुसतं 'द ज्यू'."

"आजोबा इज द बॅडी," ईशानी म्हणाली. आमची मुलगी, नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इथल्यासारखं. "ही स्टॅब्स जीझस. ऑल द लॅड्स नो."

"बॅडी असला म्हणून काय झालं? माणूस आहे की नाही? मी त्याला हनोक करणार."

हनोक झिराडकर. हे नाव मी लग्नानंतर पहिल्या महिन्यात ऐकलं आणि नंतर दर महिन्याला ऐकत आले. अलिबागचे बेने इस्रायली, घरात मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. हनोक आणि अप्पा शाळेपासून एकत्र, मग नाटकात एकत्र. अप्पांच्या संस्थेत शनिवारी तालीम नसायची. कुणी ठराव केला नव्हता. हनोक येणार नाही म्हणून नसायची. त्याची आई नवस फेडायला मलिदा करायची, गोड पोहे आणि फळं, आणि पहिली वाटी अप्पांना. पुढे हनोक इस्रायलला गेला. तिथून बरीच वर्षं त्याची मराठी पत्रं येत राहिली, मग त्याच्या मुलीचं एक आलं.

"अप्पा," मी म्हटलं, "हनोककाका देवाच्या तसबिरीत सुरी खुपसतील?"

"तो? तो झुरळ मारायचा नाही. पण लेखकाने खुपसायला लावली तर नट काय करणार? कारण शोधणार. माणूस एकटा आहे, नवं घर, नवं गाव, भिंतीवर दुसऱ्यांचा देव. घाबरलाय. घाबरून करतो. एकदा मी हनोकला तिथे उभा केला ना, की लोक त्याच्या बाजूने होतात बघ."

ते इतक्या खात्रीने बोलले की मी विषय सोडला आणि ताटं उचलली. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी संहिता वाचली आणि मग संहितेच्या मागे काय आहे तेही वाचत गेले.

ही एकटी गोष्ट नव्हती. अशा गोष्टी युरोपभर सांगितल्या जात, प्रवचनांत, चर्चच्या भिंतींवर, काचांवर. कुठे ज्यू तसबिरीला भोसकतो, कुठे प्रसादाच्या पावाला. प्रत्येक वेळी रक्त येतं. रक्त हा पुरावा. तसबीर खरी, म्हणजे देव खरा, म्हणजे सुरी धरणारा दोषी. कथेतला ज्यू बोलत नाही, त्याला घर नाही, बायको-मुलं असलीच तर जळण्यापुरती. त्याचं काम एकच, चिरायचं आणि मग गुडघे टेकायचे किंवा मरायचं. आणि हे कथेतच राहिलं नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीत एका गावात पावातून रक्त आल्याची आवई उठली आणि जमाव गावोगाव ज्यूंना मारत सुटला. मी प्रयोगशाळेत काम करते. पुराव्याला नमुना लागतो, तपासणी लागते. इथे कुणी काही तपासलं नव्हतं.

संध्याकाळी मी तालमीला गेले. पॅरिश हॉलमध्ये खुर्च्या बाजूला सारून मंच आखला होता. मठाधिपती झालेला फिन्टन, एरवी गावातला इलेक्ट्रिशियन, काठी म्हणून झाडूचा दांडा घेऊन उभा होता. अप्पांचा प्रवेश झाला. दारातून आत येण्याआधी ते थांबले, चौकटीच्या उजव्या बाजूला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना. हनोकच्या घरी चौकटीला प्रार्थनेची छोटी नळी ठोकलेली असायची. तो आत-बाहेर करताना असंच करायचा. मी ते कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. अप्पांनी एका हालचालीत एक आख्खा माणूस आणला होता.

"थांबा, थांबा!" ब्रीदा टाळ्या वाजवत पुढे आली. "विद्या, हे काय होतं? काटा आला माझ्या अंगावर! फिन्टन, पाहिलंस?"

"जादूटोण्यासारखं वाटलं," फिन्टन म्हणाला.

"तेच! ठेवा हे. पण दारात नको, लोकांना दिसणार नाही. सुरी उचलायच्या आधी करा. बोटं ओठांना, आणि मग घाव. म्हणजे सगळ्यांना कळेल हा कोण आहे."

अप्पा हसत होते. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून हळूहळू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं इंग्रजी कच्चं आहे, पण दिग्दर्शकाचं वाक्य त्यांना कुठल्याही भाषेत कळतं.

मी चारचौघांत बोलत नाही. समितीच्या सभांना जाते, चहा करते, कप विसळते, घरी येते. त्यामुळे मी बोलायला लागले तेव्हा ब्रीदाने आधी आजूबाजूला पाहिलं, कोण बोलतंय म्हणून.

"हे नाटक असं करू नये," मी म्हटलं.

"कसं?"

"ज्यू माणसाने तसबीर भोसकायची आणि रक्त येऊन तो खोटा ठरायचा. या गोष्टींवरून माणसं जाळलीत."

"अगं, पण ते तिकडे, युरोपात," ब्रीदा म्हणाली. ती चिडली नव्हती, समजावत होती. "आपल्याकडे तेव्हा ज्यू नव्हतेच. इथे ती नुसती गोष्ट होती."

"आले होते. अकराव्या शतकात पाच जण भेटी घेऊन समुद्रापलीकडून आले, आणि त्यांना परत समुद्रापलीकडे पाठवलं. तुमच्याच जुन्या नोंदींत आहे. माणसं परत पाठवली. गोष्टी ठेवून घेतल्या."

फिन्टनने झाडूचा दांडा दुसऱ्या हातात घेतला. ब्रीदाने संहितेची पानं सारखी केली.

"मी समितीपुढे मांडते," ती म्हणाली. तिने खरंच मांडलं.

दोन दिवसांनी मेल आला, सगळ्यांना. समितीने संवेदनशीलपणे विचार केला आहे. कुणाच्याही भावना दुखावू नयेत म्हणून संहितेतला 'द ज्यू' हा शब्द सगळीकडे काढला आहे. त्या जागी आता 'द स्ट्रेंजर'. बाकी काही बदल नाही. विद्याची ती सुंदर हालचाल तशीच राहील. खाली हसरा चेहरा, आणि "ऑल ग्रँड नाऊ", म्हणजे आता सगळं ठीक.

जयदीपने मेल फोनवर वाचला, चेरीवूडच्या ऑफिसातून घरी येता येता. "चला, सुटला प्रॉब्लेम," बूट काढत तो म्हणाला. "तू बोललीस म्हणून झालं हां. ज्यू काढला त्यांनी."

"मग आता सुरी कुणाच्या हातात आहे?"

"स्ट्रेंजरच्या."

"आणि आख्ख्या मंचावर स्ट्रेंजर दिसणारा माणूस कोण आहे?"

त्याने एक बूट हातातच धरला.

"तूच म्हणतोस त्यांना मुलांकडे बघून हात हलवू नका," मी म्हटलं. "आता आख्ख्या गावासमोर ते येशूला भोसकणार, आणि गाव त्यांना गुडघ्यावर आणणार. फोटो काढतील लोक. तो फोटो उद्या कुठे फिरेल, कुणाच्या ग्रुपवर, खाली काय लिहून?"

"मग नाही म्हणून सांगू. तब्येतीचं कारण देऊ. भांडण नको, नेत्रा. आपल्याला इथे राहायचंय."

"मलाही इथेच राहायचंय. म्हणून तर."

अप्पा दारात उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"तब्येत माझी ठणठणीत आहे," ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं, जे वाचलं होतं ते. जाळलेली घरं, रक्ताच्या आवया. ते ऐकत गेले. मध्येच म्हणाले, "म्हणजे मी हनोकची हालचाल त्यांना दिली, आणि त्यांनी तिचं हे केलं." मला वाटलं रडतील. ते रागावले.

"मी हनोकला आणला तो लोकांना आवडावा म्हणून. आणि हे म्हणतात, त्याला ठेवा, शब्द तेवढा काढा. ज्यूची खूण ठेवायची आणि नाव काढायचं? असं कुठे असतं? त्यापेक्षा शिवी परवडली."

"अप्पा, नका जाऊ तुम्ही," जयदीप म्हणाला. "फोन करतो मी ब्रीदाला."

"आणि मग? नाटक बंद पडेल?"

"नाही. दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

"फिन्टनचा मेहुणा आहे, तोंडाला तपकिरी रंग फासून उभा राहील. म्हणजे होणार ते होणारच, फक्त मी खिडकीत." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "मी स्टेज सोडून कधी पळालो नाही. अलिबागला मंडप उडाला होता डोक्यावरून, तेव्हासुद्धा नाही. मी जाणार. सुरी मारायची तर मारतो, नट आहे. पण गुडघे टेकणार नाही. कुणी काही म्हणो."

"ते तुम्हाला ओरडतील."

"ओरडू देत. बिनबोलाच्या माणसाला ओरडणं सोपं असतं. मी बोलणार आहे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय?"

साताऱ्याला कॉलेजात असताना मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर गावोगाव जायचे. आम्ही चमत्कार करून दाखवायचो. लिंबातून रक्त, नारळातून जाळ, हवेतून अंगारा. लोक हात जोडायचे. आणि लगेच, लोक उठून जायच्या आधी, तिथेच, आम्ही तो चमत्कार उघडून दाखवायचो. हा आमचा एकमेव कडक नियम होता. जो दाखवून उघडत नाही तो बुवा. त्याच्यात आणि आपल्यात फरक तेवढाच.

मी ब्रीदाला फोन केला. म्हटलं, मी रक्त करून आणेन, पण ते आलं की मंचावर येऊन कसं आलं ते सांगेन.

"अगं, मग नाटकाची मजाच गेली!" ती हसली. "असं कर, मुलांच्या तंबूत तुला टेबल देते. चेहरे रंगवतात ना, त्याच्या शेजारी. सायन्सचं टेबल. मुलांना आवडेल."

"चमत्कार जिथे दाखवला तिथेच उघडावा लागतो."

"नाटक मध्येच थांबवून? नाही, नेत्रा. ते नाही चालणार."

"मग दुसऱ्या कुणाकडून रक्त घ्या. आणि अप्पा गुडघे टेकणार नाहीत. आत्ताच सांगते, म्हणजे नंतर फसवलं असं होणार नाही."

पलीकडून मऊ आवाज: "तू असं काही करायची नाहीस. मी ओळखते तुला." तिने रक्तासाठी दुसरं कुणी शोधलं नाही.

मी गप्प बसते म्हणून माझं सगळ्याला हो असतं, असं पुष्कळांना वाटतं.

त्या दिवशी पाऊस नव्हता, वारा होता. मठाच्या भिंतीपुढे लाकडी मंच, समोर घडीच्या खुर्च्या, मागे गवतावर बसलेली माणसं, पुठ्ठ्याची चिलखतं घातलेली मुलं. ईशानी भिक्षूंच्या गायकवृंदात होती. दोन दिवस ती आमच्याशी नीट बोलली नव्हती. "एव्हरीवन विल बी लुकिंग अॅट अस, मॅम," एवढंच म्हणाली होती. आईला ती इथल्यासारखं मॅम म्हणते. मी म्हटलं होतं, हो, बघतील. तसबीर ब्रीदाच्या बहिणीने लाकडी फळीवर रंगवली होती, शांत डोळ्यांचा ख्रिस्त. मी तिच्यावर माझं द्रावण लावलं, सुरीच्या बोथट पात्याला दुसरं, आणि पिशवीत उरलेल्या द्रावणाची बाटली आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन मंचाच्या कडेला उभी राहिले. जयदीप तिसऱ्या रांगेत बसला होता, हात घट्ट बांधून.

भाविक माणूस घर सोडून गेला. अप्पा आले, गाठोडं खांद्यावर. बोटं ओठांना लावली नाहीत. दार बंद केलं, जमिनीवर बसले, पाय चोळले. मठाधिपती फिन्टन आत शिरला.

"परक्या! कोण आहेस तू?"

संहितेत याला उत्तर नव्हतं. परक्याने मान खाली घालायची होती.

"हनोक झिराडकर," अप्पा इंग्रजीत म्हणाले, मोठ्या, स्वच्छ, नाट्यस्पर्धेच्या आवाजात. "फ्रॉम अलिबाग. आय अॅम अ ज्यू. माय फॅमिली मेक्स ऑइल. आय रेंट धिस हाऊस."

फिन्टनने ब्रीदाकडे पाहिलं. ब्रीदा संहितेची पानं उलटत होती.

"किती भाडं देतोस?" गवतावरून कुणीतरी ओरडलं.

"टू मच!" अप्पा म्हणाले.

सगळी हिरवळ हसली. आयर्लंडमध्ये भाड्यावर सगळे हसतात, आणि सगळे कळवळून हसतात. त्या हसण्यात अप्पा उठले, तसबिरीसमोर गेले. हसू विरलं. त्यांनी सुरी उचलली. पातं फळीवरून फिरलं.

रक्त आलं. मी कधी केलं नव्हतं इतकं चांगलं आलं. ख्रिस्ताच्या छातीवरून एक गर्द रेघ उमटली, जाड झाली, खाली ओघळली. पुढच्या रांगेत एका बाईने तोंडावर हात घेतला. एक छोटं मूल रडायला लागलं. गवतावरची काही पोरं उभी राहून ओरडली, "गेट हिम!", हसत हसत, पण हात खरेच वर होते, आणि बोटं अप्पांकडे होती. त्यांचा मघाचा विनोद कुणाला आठवतही नव्हता. एवढीशी लाल रेघ पुरली होती.

"गुडघे टेक!" फिन्टन गरजला.

"नाही," अप्पा म्हणाले.

"विद्या," फिन्टन ओठ न हलवता पुटपुटला, "गुडघे."

"आय नो माय लाइन. नो."

गायकवृंदाची बाई हात वर करून थांबली होती. ते गुडघ्यावर आले की घंटा आणि गाणं. ते आले नाहीत, म्हणून घंटा नाहीत, गाणं नाही. वाऱ्याने कुणाचा तरी झगा फडफडत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "खाली बस, म्हाताऱ्या!" आणि हे हसत म्हटलेलं नव्हतं.

मी मंचावर चढले.

माझा आवाज लहान आहे. तो मोठा करायचा प्रयत्न मी केला नाही. लोक गप्प होईपर्यंत मी थांबले. "हे रक्त मी केलंय," मी म्हटलं. अप्पांच्या हातून सुरी घेतली. पिशवीतला एक कोरा कागद बाटलीतल्या द्रावणाने ओला केला, त्याच्यावर पातं फिरवलं. कागदातून रक्त आलं. दुसऱ्या कागदावर. मग फिन्टनच्या झाडूचा दांडा ओला करून त्याच्यावर. दांड्यातून रक्त आलं, आणि फिन्टनने दांडा जरा लांब धरला.

"कागद पवित्र नाही. झाडू पवित्र नाही. दोन पाण्यासारख्या गोष्टी एकत्र आल्या की लाल होतात, बस्स. ज्यांनी आधी ही गोष्ट सांगितली त्यांनी तर एवढंही करून पाहिलं नाही. नुसतं सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी शेजारच्या घरांना आगी लावल्या. ज्यूंच्या घरांना. या नाटकात आधी ज्यूच होता. मग तो शब्द काढला, परका लिहिलं. सुरी तीच राहिली, रक्त तेच राहिलं. मारायचा माणूस तेवढा बदलला. तो हा. माझे सासरे आहेत. यांनी कुणाच्या देवाला कधी ओरखडा काढलेला नाही."

"अहो बाई, नाटक आहे ते!" कुणीतरी ओरडलं.

"हो. आणि आत्ता तुम्ही त्यांना खाली बसवायला निघाला होतात."

त्यावर काही जण उठून गेले. एकाने खुर्ची मुद्दाम आपटून मिटली. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या, बाकीचे साथ देईनात तसं त्याही थांबल्या. अप्पा तसबिरीशेजारी ताठ उभे होते, कपाळावर घाम. फिन्टनने डोक्यावरची टोपी मागे सारली, त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "हा हनोक, खरा माणूस होता?"

"माझा मित्र," अप्पा म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला नट."

गायकवृंदातून एक झगा सुटून मंचाकडे येत होता. ईशानी. तिच्या मागे पुठ्ठ्याची चिलखतं. "कॅन वी ट्राय?" ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, कागदांकडे बघत.

"हाताला नाही लावायचं. फक्त कागदावर. आणि नंतर हात धुवायचे."

जयदीप तिसऱ्या रांगेतून उठला. मला वाटलं तो गाडीकडे चालला. तो चहाच्या तंबूत गेला आणि पाण्याची बादली आणि साबण घेऊन मंचाजवळ आला. बादली ठेवली आणि बापाच्या बाजूला जाऊन उभा राहिला, लोकांकडे तोंड करून.

ब्रीदा पायऱ्या चढून वर आली. तिच्या हातात संहिता गुंडाळलेली होती आणि मान लाल झाली होती. तिला वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं. ते मला खोटं वाटलं नाही.

"सहा महिने मी यावर काम केलं," ती म्हणाली. "तू माझं नाटक मोडलंस, नेत्रा."

"हो," मी म्हटलं, आणि रांगेतल्या पुढच्या मुलीच्या हातात सुरी दिली.